दाराबाहेरचं कुलूप

टोपली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लोंबकळत होती आणि तिच्यातल्या कडक ब्रून पावाला एक कावळा टोचा मारत होता. माझ्या हातातला चहा निम्मा ओट्यावर सांडला. कावळ्याला हाकलायचंही सुचलं नाही मला.

तुम्ही म्हणाल, टोपलीला काय घाबरायचं? सांगते. माझ्या वरच्या मजल्यावर फ्रेनी आंटी राहायच्या. फ्रेनी मिस्त्री, पारशी, ऐंशीला टेकलेल्या, एकट्या, आणि जिभेने तिखट. सकाळी मागच्या गल्लीत पाववाल्याची घंटी वाजली की त्या दोरीने टोपली खाली सोडायच्या. पाव घेऊन वर जाताना ती माझ्या खिडकीशी थांबायची. मी तिच्यात कधी कोथिंबीर टाकायचे, कधी लिंबू, आणि दोरीला दोन हिसके द्यायचे. वरून आवाज यायचा, "थँक यू, डिकरी." डिकरी म्हणजे पोरी. एवढंच. पण आमच्या इमारतीत तेव्हा दोनच बिऱ्हाडं उरली होती, त्यांचं आणि माझं. टोपली वर गेली म्हणजे त्या आहेत, आणि हिसके बसले म्हणजे मी आहे, असा आमचा सरळ हिशेब होता.

त्या सकाळी मी दोन हिसके दिले. मग आणखी दोन दिले. वरून काही नाही.

"आंटी," मी खिडकीतून मान वर करून हाक मारली. "फ्रेनी आंटी, पाव गार झाला."

वरची खिडकी उघडी होती. पडदा हलत होता. मी आत येऊन फोन लावला. डोक्यावर त्यांच्या घरात तो वाजताना मला ऐकू येत होता, वाजून वाजून बंद पडला. मी जात्याच भित्री, ते आधीच सांगून टाकते. कऱ्हाडला असताना पालीला घाबरायचे. इथे येऊन माणसांना घाबरायला शिकले.

इथे म्हणजे एडनवाला मॅन्शन, ओव्हल मैदानासमोर. लग्न ठरलं तेव्हा माझी मामी गावभर सांगत फिरली होती. मग स्वतः बघायला आली आणि गोल गॅलरीत उभी राहून समोरची ताडाची झाडं, राजाबाई टॉवर, मैदानातलं क्रिकेट बघत म्हणाली, "सुने, तू तर सिनेमात राहतेस गं." खोटं नव्हतं ते. संगमरवरी जिना, जाळीची लिफ्ट, जमिनीवर काळ्या-पिवळ्या फरशांची नक्षी. घर कुणाचं, हे मात्र मामीने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घर पागडीचं होतं. भिंती मालकाच्या, त्यांच्या आत राहायचा हक्क तेवढा आमचा, सासऱ्यांपासून चालत आलेला. आणि हा हक्क राहण्यावर जगतो. राहणं थांबलं की तो संपतो.

जुन्या मालकाच्या पोरांनी इमारत एका कंपनीला विकली आणि वर्षभरात एकेक बिऱ्हाड हललं. कुणी खुशीने, कुणी कंटाळून. आधी वॉचमन काढला. मग लिफ्ट "दुरुस्तीला" बंद झाली ती झालीच. मग जिन्यातले दिवे गेले, नवे लावले की तेही जायचे. आमच्या जिन्याला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारी हाताने कठडा चाचपत चढावं लागायचं. माझा नवरा जयवंत बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. मूल नाही. एवढ्या मोठ्या घरात मी एकटी, आणि खाली सगळे मजले रिकामे.

आमचे वझे वकील दर भेटीत एकच पाढा म्हणायचे. "सुनेत्राबाई, तुम्ही आत आहात तोवर कोणी तुमचं काही वाकडं करू शकत नाही. एकदा त्यांचं कुलूप पडलं, की मग तुम्ही बाहेर आणि दावा कोर्टात. तिथे आपण दोघं म्हातारे होऊ."

कंपनीचा माणूस म्हणजे गुप्ते. तुमच्या डोळ्यांसमोर गुंड आला असेल तर तो पुसून टाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं असं गोड की साखर कमी पडावी. महिन्यातून एकदा दारात यायचा. आत या म्हटलं नाही तरी हसायचा.

"वहिनी, एवढं मोठं घर, एकट्या राहता. काळजी वाटते हो."

"काळजी कसली? सवय आहे."

"तसं नव्हे. जयवंतरावांची बोट आता डर्बनला लागली असेल ना? तिथून फोन तरी येतो का वेळेवर?"

बोट डर्बनला लागणार हे मला स्वतःला आदल्या दिवशी कळलं होतं. दार लावून मी तिथेच खाली बसले होते.

तर ती सकाळ. आंटींना काहीतरी झालं असणार. पडल्या असतील. किंवा त्याहून वाईट. आणि खरं सांगते, त्यांच्याबरोबर मनात माझंही येत होतं, की त्या गेल्या तर या अख्ख्या इमारतीत मी एकटी. मी लाटणं उचललं. हो, लाटणं, हसू नका. हाताशी तेच होतं. आणि दार लोटून घेऊन जिन्यात आले.

दार लोटून. किल्ली लावून नाही. आमच्या इमारतीत वर-खाली जाताना दाराला किल्ली कुणीच लावत नसे. नवरोजला वरून रव्याच्या खिरीचे डबे यायचे, दिवाळीत खालून चकल्या जायच्या, पोरं कुणाच्याही घरात शिरायची. दार बंद करून शेजारी जाणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं, असं सासूबाई म्हणायच्या. बाहेर रस्त्यावर जाताना मी दोन-दोन कुलपं लावायचे. पण वर आंटींकडे जाताना? हात किल्लीकडे गेलाच नाही. तो कधी गेलाच नव्हता.

वर आंटींचं दारही नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा होता आणि कपबशीचा आवाज येत होता. मला एकदम हायसं वाटलं. मी दार ढकललं.

"या, वहिनी," गुप्ते म्हणाला. "वाटच बघत होतो."

तो आंटींच्या नवऱ्याच्या आरामखुर्चीत बसला होता. समोर आंटींची निळ्या फुलांची ठेवणीतली किटली. आंटी कोचावर, अंगात घरातला फुलाफुलांचा झगा, केस न विंचरलेले. मी इतक्या वर्षांत त्यांना केस न विंचरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं आंटी?"

"काही नाही हो," उत्तर गुप्तेनेच दिलं. "सहज आलो होतो. आंटींना जरा चक्कर आल्यासारखं झालं. म्हटलं एकट्या बाईला असं टाकून कसं जायचं? बसा ना. चहा घ्या."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. आंटींजवळ जाऊन बसले, त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

"डिकरी," आंटी म्हणाल्या, "तू घरी जा."

"जाते हो. आधी सांगा, डॉक्टरांना बोलवू का?"

"डॉक्टर नको. तू घरी जा नी."

"एवढ्यात कुठे पाठवता त्यांना?" गुप्ते म्हणाला. "दोन मिनिटं बसू दे. साखर किती, वहिनी?"

मला वाटलं, हा आंटींकडून कागदावर सही घ्यायला आलाय. मी उठले की तो लगेच पेन काढणार. मी आणखी घट्ट बसले. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी देत होते. पालीला घाबरणारी सुनी आज कशी ठाम बसली आहे बघा.

"तुझा दूध गॅसवर हाय," आंटी म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. "उतू जाईल."

"नाही आंटी, दूध तापवलं मी केव्हाच."

"नाय, नाय. हाय. जा, बंद कर."

"बघा, असं भ्रमिष्टासारखं बोलतायत सकाळपासून," गुप्ते हळहळत म्हणाला. "वय झालं. माझ्या आईचं असंच होतं."

त्याने कप माझ्यापुढे धरला आणि मी, काय सांगू, तो घेतला. कुणी कप पुढे केला की घ्यायचा, ही आपली शिकवण. आंटींनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, तरी मला वाटलं त्या स्वतःसाठी रडताहेत.

खालून आवाज आला. ठक्. ठक्. लाकडावर हातोडी.

पहिल्यांदा मला काही समजलंच नाही. कोणीतरी खिळा ठोकतंय, असं वाटलं. मग आठवलं, खाली कोणी राहत नाही. खाली फक्त मी राहते.

गुप्तेने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. "चहा छान झाला होता," तो म्हणाला.

"डिकरी, मी सांगत होती ने," आंटींचा आवाज फाटला. "ये माणूस सकाळी आला तवा टोपली खाली होती, दोरी माझ्या हातात होती. त्याने ती घेतली माझ्या हातातून नी खिडकीला बांधली. बोलला, आता ती स्वतः वर येईल. फोन उचलू नाय दिला."

गल्लीत उभा राहून या माणसाने आमची टोपली बघितली होती. रोज सकाळी. आमची कोथिंबीर, आमचे दोन हिसके. आणि मी दाराला किल्ली लावणार नाही, हेही त्याला माहीत होतं.

मी दाराकडे धावले. गुप्ते माझ्याआधी तिथे पोचला होता. हात लावला नाही त्याने मला, नुसता उंबऱ्यात उभा राहिला.

"वहिनी, आता घाई करून काही उपयोग नाही. खाली दोघं आहेत, जिना अंधारा आहे. पडलाबिडलात तर जयवंतरावांना मी काय सांगू? तुमचं सामान नीट बांधून पाठवतो, एक चमचा हरवणार नाही."

हातोडी थांबली. लोखंडात लोखंड अडकल्याचा आवाज आला आणि जिन्यातून एकाने वर हाक दिली, "साहेब, पुढचं झालं. मागं जातो."

मागं. त्या एका शब्दाने मी भानावर आले आणि आंटीही. त्यांनी माझं मनगट पकडलं. एवढी ताकद त्या हातात कुठून आली देव जाणे. "चल," म्हणाल्या आणि मला ओढत स्वयंपाकघरातून मोरीत नेलं, तिथलं मागचं दार उघडलं.

बाहेर लोखंडी गोल जिना होता. या सगळ्या जुन्या इमारतींना मागून असतो, झाडूवाल्यांसाठी, मोलकरणींसाठी. प्रत्येक घराच्या मोरीला त्याचं दार. माझ्या लीलाबाई त्यानेच यायच्या आणि त्यांच्यासाठी मी सकाळी मोरीच्या दाराची आतली कडी काढून ठेवायचे. आम्ही घरातली माणसं मात्र त्यावर कधी पाऊल ठेवत नसू. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तो जिना आपला नव्हे.

"लीला आली?"

"नाही अजून."

"मग कडी उघडी हाय. जा. वर बघू नको, खाली बघू नको, जा."

मागे गुप्तेच्या चपला फरशीवर वाजल्या. आंटींनी मला बाहेर ढकललं आणि माझ्यामागे दार लावून घेतलं. आतून त्यांचा आवाज येत होता, पारशी शिव्या, एकीला एक जोडलेल्या. मी त्यातली एकही कधी ऐकली नव्हती.

जिना माझ्या वजनाने हलला. गंजलेल्या पायऱ्यांच्या भोकांतून खाली गल्ली दिसत होती, कचऱ्याचा पिंप, एक झोपलेलं कुत्रं. मला गरगरायला लागलं. लाटणं कुठे पडलं ते आठवतच नाही. मी दोन्ही हातांनी मधला खांब मिठीत धरला आणि एकेक पाय सोडत घसरत उतरायला लागले. आणि तेवढ्यात जिना दुसऱ्यांदा हलला. माझ्या पायाने नव्हे. खालून.

दोघं चढत येत होते. पुढच्याच्या हातात कुलूप होतं, पितळेचं, मुठीएवढं. त्याने वर बघितलं आणि मला बघितलं. क्षणभर आम्ही दोघंही थांबलो. त्यालाही भीती वाटली असावी, कारण तो ओरडला नाही. मग तो पायऱ्या दोन-दोन करत धावत सुटला.

माझं दार मला हाताच्या अंतरावर दिसत होतं. खांब सोडल्याशिवाय तिथे हात पोचत नव्हता. आणि खांब सुटत नव्हता. मी बोटांना सांगत होते आणि बोटं ऐकत नव्हती. खरंच सांगते, तेव्हा वाटलं, जाऊ दे. घर जाऊ दे. काय करायचंय मैदान आणि टॉवर? इथेच डोळे मिटून बसावं आणि कुणीतरी येऊन मला खाली न्यावं. रडत होते मी, मोठ्याने, लहान पोरीसारखी.

मग त्याचा तळहात माझ्या घोट्याला लागला.

त्या हाताने मला सोडवलं. मी किंचाळले, पाय झाडला, दारावर अंग टाकलं, ते उघडलं आणि मी मोरीत तोंडावर पडले. पडल्या पडल्या पायाने दार ढकललं. गुडघ्यावर उठून कडी घातली. लगेच बाहेरून धक्का बसला. कडी हलली, पण धरली.

"साहेब," बाहेरचा माणूस धापा टाकत वर ओरडला, "बाई आत गेली."

"आत?" वरून गुप्तेचा आवाज आला. त्यातली साखर संपली होती. "आत कशी जाईल? पुढं कुलूप आहे ना?"

"आहे ना साहेब. पण बाई आत आहे."

मी ओल्या फरशीवर बसून ऐकत होते. बाहेरून कुलूप आणि आत जिवंत बाई, याला कायद्यात काय म्हणतात ते गुप्तेला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. थोड्या वेळाने लोखंडी पायऱ्या उतरण्याचा आवाज झाला, मग तोही बंद झाला. मी जागची उठले नाही. लीलाबाई येऊन दार ठोठावायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज ओळखूनसुद्धा मी कडी काढली नाही. त्यांनी नवऱ्याचं, पोरांचं, गावाचं नाव सांगितलं, तेव्हा काढली.

वझे वकील दुपारी आले, लोखंडी जिन्याने, धोतर सावरत. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. मी म्हटलं, आधी ते पुढचं कुलूप तोडा हो. वझ्यांनी हात जोडले. "त्याला बोट लावायचं नाही. बाहेर कुलूप त्यांचं, आणि आत राहताय तुम्ही. एवढा मोठा पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता."

कंपनीने कोर्टात सांगितलं, घर कधीचंच बंद होतं, कुलूप जुनं आहे, बाई मागून घुसली. आम्ही आमचं सांगितलं. कोर्टाने निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' असा हुकूम दिला. म्हणजे त्यांचं कुलूप दारावर जिथे आहे तिथे आणि मी घरात जिथे आहे तिथे.

आणि तसेच राहिलो आम्ही, वर्षानुवर्षं. जयवंत बोटीवरून परत आला तो ट्रंक डोक्यावर घेऊन मागच्या जिन्याने. मामी एकदा आली, खालूनच वर बघितलं आणि म्हणाली, "सुने, मी बाई हॉटेलात भेटते तुला." नवा फ्रिज आला नाही, कारण तो त्या जिन्यात मावेना. फ्रेनी आंटी गेल्या तेव्हा शेवटचं बघायलाही मी त्याच जिन्याने वर गेले. तोपर्यंत खांब न धरता चढता यायला लागलं होतं मला. वझे वकील गेले, त्यांच्या मुलाने काम हाती घेतलं. ओव्हलसमोर राहता, म्हणून कुणी भुवई उंचावली की मी नुसती हसायचे.

गेल्या वर्षी निकाल लागला, आमच्या बाजूने. कोर्टाचा बेलीफ आला. कुलपाची किल्ली कंपनीकडे नव्हती आणि असती तरी फिरली नसती, एवढं ते गंजलं होतं. शेवटी करवतीने कापलं. दार कुरकुरत उघडलं. जयवंतला रडू आवरेना. त्याने बेलिफाला पेढा दिला, धाकट्या वझ्यांना दिला, माझ्या तोंडात कोंबला. मग पुढच्या दाराने बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस.

तो संध्याकाळी क्लबात मित्रांना सांगायला निघून गेला आणि मी दिवाणखान्यात बसले. दार नीट लावलं होतं. आतून कडी घातली होती, वरची, खालची, मधली. तरी माझी नजर तिथून निघेना. इतकी वर्षं त्या दाराकडे पाठ करून मी निर्धास्त बसले होते. त्याच्यावर त्यांचं कुलूप होतं ना. तिथून कुणी येणं शक्य नव्हतं, गुप्तेसुद्धा नाही. आता तिथे काहीच नव्हतं. जिन्यात जरा खुट्ट झालं की माझा हात छातीवर जायचा. त्या सकाळचा तो तळहात मला घोट्यावर जसाच्या तसा लागायला लागला.

मी पर्स उचलली आणि मागच्या जिन्याने खाली गेले.

जयवंत परत आला तेव्हा मी पुढच्या दाराबाहेर संगमरवरी पायरीवर उभी होते. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. जुन्या कडी-कोयंड्यात नवं कोरं कुलूप लटकत होतं.

"हे कुणी लावलं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी."

"अगं, पण कशाला? जिंकलो ना आपण?"

"हो, जिंकलो," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडे आहे. चल, मागून जाऊ."